घोड्यांचा ट्रेलर, पिकअपचे झटके आणि कुशन हिचची निवड: एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याकडे हिचसाठी (गाडीला ट्रेलर जोडणारा भाग) आलेल्या एका घोडेमालक बाईंचं आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील काढून टाकले आहेत, आकडे मात्र तेव्हा वहीत लिहिले तेच ठेवले आहेत.

बाईंकडे दोन जनावरं: ४८० किलोची घोडी आणि ५२० किलोचा घोडा. दोघांना शेजारी-शेजारी, तोंड पुढे करून उभं करता येईल असा दोन आसांचा, चार चाकांचा ट्रेलर. रिकाम्या ट्रेलरचं वजन ११५० किलो. ओढायला जड कामाची पिकअप, मागे जाड पाटे, दोन्ही आसांमधलं अंतर ३.७ मीटर. पिकअपच्या मागच्या चौकटीला अडीच इंची चौकोनी रिसीव्हर, म्हणजे हिचची दांडी घालायची नळी, होता. हिचची दांडी मात्र दोन इंची, म्हणून मधे एक स्लीव्ह घातलेली. त्या दांडीच्या टोकाला बॉल आणि बॉलवर ट्रेलरचा कप्लर, म्हणजे बॉल पकडणारा ट्रेलरच्या नाकाचा भाग.

बाई वर्षातून पंधरा-वीस फेऱ्या करतात. कधी दोन्ही घोडे, कधी एकच, आणि परतताना कधी रिकामा ट्रेलर. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली, पण पहिल्या भेटीत ती मी विचारलीच नाही.

अडचण

“भाऊ, घोडी आता ट्रेलरात चढायलाच तयार नाही. आणि उतरते तेव्हा घामाने निथळत असते.” त्यांनी आल्या आल्या हेच सांगितलं. पिकअपच्या झटक्यांचा विषय नंतर निघाला.

प्रवासात घोडा सतत तोल सावरत असतो, आणि उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ट्रेलर पुढे-मागे हिसकला की प्रत्येक हिसक्याला तो चारही पाय ताणून धरतो. तासा-दोन तासांच्या प्रवासात असे हजारो हिसके बसतात. मी ट्रेलरात शिरून पाहिलं तेव्हा घोडीच्या कप्प्यातल्या रबरी चटईवर मागच्या खुरांनी दोन लांब चरे पडले होते, दोन्ही एकाच दिशेने. घोड्याच्या बाजूची चटई जवळजवळ गुळगुळीत होती. तो जड आणि शांत, तर घोडी हलकी आणि घाबरट. ते चरे पाहिल्यावर हे काम मला उरकून टाकावंसं वाटलं नाही.

झटके दोन प्रकारचे होते. एक आडवा: वेग कमी-जास्त करताना ट्रेलर मागून ढकलल्यासारखा धडकायचा आणि मग ओढून धरायचा. दुसरा उभा: काँक्रीटच्या रस्त्यावर पिकअपचं नाक वर-खाली डोलायचं आणि ट्रेलर उलट दिशेने डोलायचा. बाईंचं निरीक्षण मोलाचं होतं. “ऐंशीला कमी जाणवतं, पन्नास-साठच्या मधे अगदी नको होतं.” त्या रस्त्यावर काँक्रीटचे सांधे सुमारे पाच-पाच मीटरवर होते. ताशी ५५ किमी म्हणजे सेकंदाला सव्वापंधरा मीटर, म्हणजेच सेकंदाला तीन ठेके. जोडलेल्या दोन गाड्यांच्या डोलण्याचा स्वतःचा ताल त्याच्या आसपास असला की प्रत्येक सांधा आधीच्या डोलण्यात भर घालतो. वेग वाढला की ठेके त्या तालाच्या पुढे निघून जातात. म्हणजे दोष एकट्या रस्त्याचा किंवा एकट्या ट्रेलरचा नव्हता. दोन्ही गाड्या एकत्र कशा डोलतात, हा प्रश्न होता.

बाई विकत घ्यायचा हिच ठरवूनच आल्या होत्या: रबराच्या पिळावर चालणारा कुशन हिच, म्हणजे झटके शोषणारा हिच, टंग वेट ३५० ते ५५० किलोसाठीचा. टंग वेट म्हणजे कप्लर बॉलवर जो उभा भार टाकतो तो. बॉलवर जोडलेल्या ट्रेलरसाठी तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. बाईंच्या ट्रेलरच्या पाटीवर कमाल वजन ३००० किलो होतं. त्याचे १५ टक्के ४५०, म्हणून त्यांनी तो पल्ला निवडला. हिशेबात चूक नव्हती, पण तो पाटीवरच्या ट्रेलरचा हिशेब होता. रस्त्यावर धावणाऱ्या ट्रेलरचं वजन कुणी केलेलंच नव्हतं.

पहिला निर्णय: आधी वजन

मी म्हटलं, “ताई, हिच नंतर ठरवू. आधी काट्यावर जाऊ.” त्यांना हा वेळकाढूपणा वाटला असणार, पण त्या आल्या.

वजनकाट्यावर तीन आकडे घ्यायचे असतात. नुसती पिकअप: २९५० किलो. ट्रेलर जोडून, पण फक्त पिकअपची चाकं काट्यावर: ३१६० किलो. ट्रेलरची चाकं: १९४० किलो. पहिले दोन वजा केले की टंग वेट मिळतं, २१० किलो. ट्रेलरचं एकूण वजन २१० आणि १९४० मिळून २१५० किलो. म्हणजे टंग वेट ९.८ टक्के.

आत जिवंत जनावरं असली की काट्याचा आकडा थरथरत राहतो, आणि मोठा काटा दहा-दहा किलोंनीच मोजतो. म्हणून दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या जागी २५ किलोच्या ४० वाळूच्या गोण्या ठेवून फळीची युक्ती केली. सपाट जमिनीवर एक मजबूत फळी घ्यायची, तिचं एक टोक नळीवर आणि दुसरं घरगुती वजनकाट्यावर टेकवायचं. कप्लरचा भार नळीपासून एक हात आणि काट्यापासून दोन हात अंतरावर येईल असा ठेवायचा. काटा जो आकडा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. काट्याने ७० दाखवले, तिप्पट २१०. कप्लर मात्र रोजच्या जोडणीच्या उंचीवर हवा, नाहीतर आकडा फसवतो.

या २१० किलोंवर ३५० ते ५५० चा हिच लावला असता तर तो जवळजवळ हललाच नसता. त्याचा रबर इतका ताठ असतो की कमी भाराखाली तो लोखंडी दांडीसारखाच वागतो. पैसे गेले असते, झटके तसेच राहिले असते, आणि वर ‘कुशन हिच निरुपयोगी’ असं मत कायमचं झालं असतं. उलट चूकही तितकीच वाईट. पल्ला कमी पडला तर हिच तळाला टेकतो आणि लोखंडावर लोखंड आपटतं.

तपासणीत काय सापडलं

टंग वेट १० टक्क्यांच्या खाली का, याचं उत्तर पिकअपच्या हौद्यात होतं. पाणी, गवताच्या गासड्या आणि खोगिरं मिळून १०० किलो सामान बाई मुद्दाम हौद्यात ठेवत, ट्रेलर हलका राहावा म्हणून. पण त्यामुळे ट्रेलरचं नाक हलकं झालं होतं. बैलगाडी मागे जड झाली की उलाळते आणि जू वर उचललं जातं, तसंच इथे थोडं होत होतं. नाक हलकं असलं की कप्लर बॉलवर घट्ट बसून राहत नाही, प्रत्येक खड्ड्याला उचलू पाहतो. ट्रेलर डावी-उजवीकडे वळवळण्याचा धोकाही त्यानेच वाढतो.

मग जोडातला प्ले, म्हणजे सैलपणा. मी एका मुलाला पिकअप अगदी हळू पुढे-मागे करायला सांगितलं आणि स्वतः बाजूला बसून रिसीव्हरवर हाताचा पंजा ठेवला. हाताला तीन वेगवेगळे ठोके लागले. पहिला स्लीव्ह आणि रिसीव्हरमधला, दुसरा दांडी आणि स्लीव्हमधला, तिसरा कप्लर आणि बॉलमधला. प्रत्येक फट दोन-तीन मिलिमीटरची असेल. पण दोन टनांचं वजन तीन मिलिमीटर मोकळं धावून थांबलं की आत हातोडा मारल्यासारखं लागतं. कप्लरच्या खालच्या बाजूला पकड घट्ट करायचा नट असतो. तो ट्रेलर घेतल्यापासून कुणी फिरवला नव्हता, धूळ आणि ग्रीस मिळून त्यावर काळा थर चढला होता.

तिसरी गोष्ट ऐकून मला वाईट वाटलं. ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक होते आणि त्यांचा जोर पिकअपच्या डॅशवरच्या कंट्रोलरवरून ठरतो. बाईंनी तो अगदी खाली आणून ठेवला होता. “घोड्यांना धक्का बसू नये म्हणून.” झालं उलटंच. ब्रेक दाबला की पिकअप थांबायची आणि ट्रेलर मागून येऊन धडकायचा. आपल्या जनावरांच्या काळजीपोटी केलेल्या दोन गोष्टींनीच त्यांना त्रास होत होता, हे त्यांना सांगताना मी शब्द जपून वापरले.

चौथं, ट्रेलरचं नाक समपातळीपेक्षा ६ सेंटिमीटर वर होतं. त्याने भार मागच्या आसावर सरकतो आणि टंग वेट आणखी घटतं.

विचारात घेतलेले पर्याय

कडक हिचच ठेवून बाकी दोष काढायचे, हा पहिला पर्याय. स्वस्त आणि प्रामाणिक. आधी हे करायचंच होतं, प्रश्न होता की एवढ्यावर थांबायचं का.

दुसरा, रबराच्या पिळाचा हिच, पण योग्य पल्ल्याचा. यात देखभाल जवळजवळ नाही, हवा भरायची नाही, गळती नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि ज्याचं ओझं कायम सारखं असतं त्याला मी हाच सुचवतो. पण पल्ला कारखान्यात ठरतो, तो आपल्याला बदलता येत नाही. शिवाय कडक थंडीत रबर ताठ होतो.

तिसरा, पुढे-मागे सरकणाऱ्या दांडीत रबरी किंवा युरेथेनच्या गाद्या बसवलेला हिच. आडवा हिसका तो चांगला खातो, उभ्या डोलण्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. आपल्याला दोन्ही झटके होते.

चौथा, एअर बॅगचा हिच. वर-खाली हलणारा बिजागरीचा भाग, त्यात हवेची पिशवी आणि एक शॉक अॅब्सॉर्बर. पिशवीतली हवा भाराप्रमाणे कमी-जास्त करता येते. तोटे खरे आहेत: हिच जड, लांब, आणि प्रत्येक फेरीआधी हवा पाहणं बंधनकारक.

मागच्या आसाच्या वर जोडला जाणारा गूजनेक ट्रेलर हा याहून मुळातला उपाय. त्यात भार पिकअपच्या आसावरच पडतो आणि नाक डोलवणारी तरफच राहत नाही. पण त्यासाठी ट्रेलरच बदलावा लागला असता. स्प्रिंगच्या दांड्या लावून भार पुढच्या आसाकडे परतवणारा हिचही चर्चेत आला. त्याचं काम वेगळं, भार वाटून देणं. झटके शोषणं हे त्याचं काम नाही. या पिकअपच्या मॅन्युअलप्रमाणे एवढ्या वजनाला तो लागत नव्हता. ज्यांच्या गाडीला लागतो त्यांनी मात्र कुशन हिच घेण्याआधी त्यावर त्या दांड्या चालतात का हे पाहावं. कित्येकांवर चालत नाहीत.

दुसरा निर्णय: पिळाचा की हवेचा

इथेच मी चुकणार होतो. सामान १०० किलो ट्रेलरच्या नाकातल्या कप्प्यात हलवल्यावर ट्रेलर २२५० किलोचा झाला आणि टंग वेट २७०, म्हणजे बरोबर १२ टक्के. मी लगेच २०० ते ३५० च्या पल्ल्याचा पिळाचा हिच सुचवला. बाईंनी सहज विचारलं, “आणि एकटा घोडा नेते तेव्हा?”

तो प्रश्न मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. पुन्हा गोण्या काढून मोजलं. एक घोडा आणि सामान: एकूण १७७०, टंग वेट २३० च्या आसपास. रिकामा ट्रेलर, सामानाशिवाय: १२५. म्हणजे त्याच हिचवर १२५ पासून २७० पर्यंतचा भार येणार, दुपटीहून जास्त फरक. पिळाचा हिच दोन घोड्यांना उत्तम, एकाला बरा आणि रिकाम्याला ताठ पडला असता. रिकाम्या ट्रेलरची फिकीर कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपटून आपटून ट्रेलरची चौकट आणि वायरिंग खिळखिळं होतं ते रिकाम्या फेऱ्यांतच. म्हणून निवड एअर बॅगच्या बाजूला झुकली.

मग तरफेचा हिशेब. जुन्या हिचवर बॉल मागच्या आसापासून १.२५ मीटर मागे होता, नव्याने तो १४ सेंटिमीटर आणखी मागे जाणार. २७० किलो टंग वेटला पुढचा आस किती हलका होतो ते काढायला २७० ला बॉलच्या अंतराने गुणायचं आणि ३.७ ने भागायचं. आधी ९१ किलो, आता १०१. दहा किलोंचा फरक या जड पिकअपला चालण्यासारखा होता. हलक्या पिकअपला, स्टिअरिंग आधीच तरंगत असेल तर, मी नाही म्हटलं असतं. हिचचं स्वतःचं वजनही ११ वरून ३४ किलोवर गेलं. तेही पिकअपच्या क्षमतेतूनच वजा होतं, माणसं आणि टंग वेटबरोबर.

रेटिंग पाहताना एकट्या हिचचं पाहून भागत नाही. रिसीव्हर, दांडी, बॉल, पिन, कप्लर यांत ज्याचा आकडा सगळ्यांत लहान तीच सगळ्या जोडाची ताकद. आम्ही अडीच इंची दांडीचा हिच घेतला, म्हणजे स्लीव्ह कायमची गेली आणि तिच्याबरोबर एक ठोकाही.

काय केलं

क्रम जाणीवपूर्वक ठेवला: हिच सगळ्यांत शेवटी. म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळणार होतं.

मोजायला बाईंनीच साधन सुचवलं, पाण्याची बादली. बारा लिटरची स्टीलची बादली, तिच्यात दहा लिटर पाणी, घोडीच्या कप्प्यात गोण्यांमधे अडकवून ठेवलेली. तोच चार किलोमीटरचा काँक्रीटचा तुकडा, ताशी ५५, आणि शेवटी एकच ब्रेक. ढोबळ मोजमाप, पण दोघांनाही डोळ्यांनी दिसणारं. काहीच न बदलता पहिली फेरी केली, बादलीत सहा लिटर उरलं.

मग सामान नाकात हलवलं. जुना हिच खालच्या भोकात बसवून नाक सपाट केलं. दांडीला आवळपट्टी लावली, कप्लरचा नट इतका घट्ट केला की खटका बसेल पण बॉल हलणार नाही. चारही चाकं उचलून ब्रेक लायनर ड्रमला घासेपर्यंत जवळ आणले, मग थोडे मागे घेतले. कंट्रोलरचा जोर गोण्या भरलेल्या ट्रेलरवर, कोरड्या मोकळ्या जागेत, ताशी ४० च्या आत वाढवत नेला. चाकं अडकू लागली तिथून किंचित खाली आणला. हे काम घोडे आत असताना करू नये. दुसऱ्या फेरीत आठ लिटर उरलं.

मग एअर बॅगचा हिच बसवला, उंची पुन्हा भार टाकून मोजली. रिकाम्या हिचची उंची मोजून उपयोग नाही, भाराखाली तो बसतो. हलणारा भाग आपल्या पल्ल्याच्या मधोमध येईपर्यंत हवा भरली. तिसऱ्या फेरीत जवळजवळ नऊ लिटर.

त्या फेरीआधीच, आवारातून बाहेर पडताना पहिल्याच तीव्र वळणावर ट्रेलरच्या वायरचा प्लग ताणून निघाला. बॉल १४ सेंटिमीटर मागे गेला, वायर तेवढीच राहिली. त्या प्लगमधूनच ब्रेकला वीज जाते. चूक माझी होती, वळण घेऊन पाहिल्याशिवाय मी गाडी बाहेर काढायला सांगितली. कप्लर निसटला तरी ट्रेलर धरून ठेवणाऱ्या साखळ्याही वळणावर ताठ होत होत्या. वायर वाढवली, योग्य रेटिंगच्या लांब साखळ्या कप्लरखाली एकमेकींवरून फुलीसारख्या नेल्या. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी तार हिचपासून वेगळी, पिकअपच्या चौकटीला बांधली. मग दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग फिरवून पाहिलं.

परिणाम

सांडणाऱ्या चार लिटरांपैकी दोन लिटर जवळजवळ फुकटात वाचले, फक्त पान्हा, वेळ आणि थोडं डोकं लागलं. हिचने आणखी एक लिटर वाचवलं. हे प्रमाण मी लपवत नाही. उभं डोलणं मात्र पान्ह्याने हटलं नव्हतं, ते हिचनेच कमी झालं. सांध्यावरून जाताना पिकअपचं नाक अजून हलतं, पण एकदा हलून थांबतं.

घोडी लगेच सुधारली नाही. तिला ट्रेलरची भीती बसली होती आणि ती कोणत्याही हिचने जात नाही. बाईंनी काही दिवस तिला उभ्या ट्रेलरात नुसता चारा दिला, मग छोट्या फेऱ्या केल्या. तिसऱ्या महिन्यात त्यांनी सांगितलं की घोडी प्रवासात गवत खाते, आणि तेवढ्या एका वाक्याने मला खूप बरं वाटलं. नव्या चटईवर चरे नाहीत.

पाचव्या महिन्यात निघण्याआधीच्या तपासणीत हिच मधल्या खुणेच्या खाली बसलेला दिसला. व्हॉल्व्हची पिन सैल होती, घट्ट केल्यावर गळती थांबली. ती तपासणी झाली नसती तर दोन घोडे आत असताना हिच तळाला आपटत गेला असता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला प्रश्न मी हा विचारीन: वर्षभरात तुमचा ट्रेलर किती वेगवेगळ्या वजनांनी धावतो? उत्तर ‘एकाच’ असेल तर पिळाचा हिच, योग्य पल्ल्याचा. इथे ते विचारायला उशीर झाला आणि एक दिवस वाया गेला.

दुसऱ्या फेरीनंतर थांबून महिनाभर तसंच चालवून पाहायला हवं होतं का, यावर मी अजून विचार करतो. कदाचित आडवे झटके गेल्यावर घोडीला तेवढंही पुरलं असतं. पण ती आधीच इतकी बिथरली होती की तिच्यावर आणखी महिनाभर प्रयोग करायला आम्हा दोघांचंही मन धजावलं नाही.

आणि वळवळण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण बाईंच्या ओळखीच्या एकाने त्यासाठीच असा हिच मागितला. डावी-उजवी वळवळ कुशन हिच थांबवत नाही. बॉल मागे गेल्याने ती किंचित वाढूही शकते. तिचं औषध म्हणजे नाकात पुरेसं वजन, टायरमधली हवा आणि वेगावर ताबा. त्या गृहस्थांच्या ट्रेलरचं टंग वेट मोजलं तर सात टक्के निघालं. त्यांना मी हिच विकला नाही, ट्रेलरातलं सामान पुढे सरकवून दिलं.

बाईंनी ट्रेलरच्या सामानाच्या कप्प्याच्या दारावर आतून खडूने तीन आकडे लिहिले आहेत: रिकामा, एक घोडा, दोन घोडे, आणि प्रत्येकापुढे हिचमधली हवा. खडू पुसट होतो म्हणून मागच्या खेपेला त्यांनी माझ्याकडून रंगाचा ब्रश मागून घेतला.